पेशंट दवाखान्यातून पळून का जातो?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. निवांत वाचलीत तरच मजा आहे.

आपल्या भागात ऑक्टोबरची गोडी छाटणी सुरू झाली की पेठ, सुरगाणा, दिंडोरीच्या पश्चिम पट्ट्यातून मजुरांच्या टोळ्या येतात. ओझर, पिंपळगाव, मोहाडी, जानोरी, सुकेणे, सगळीकडे. विरळणी, डिपिंग, मग काढणी. चार-पाच महिने ही माणसं आपल्या बागेच्या कडेला पाल टाकून राहतात. माणसं म्हटली की आजार आले, बाळंतपणं आली, साप-विंचू आले. आणि दर हंगामात एकदा तरी कुठल्या ना कुठल्या दवाखान्यातून एक वाक्य कानावर येतं: "पेशंट रात्रीच निघून गेला हो. सलाईन अर्धी होती, सुई काढून गेला."

दवाखान्याच्या भाषेत याला 'डामा' म्हणतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेला डिस्चार्ज. सही करून गेला तर डामा, न सांगता गेला तर रजिस्टरला 'पळाला'. आम्ही पत्रकारही तसंच छापतो. पुढे चहाच्या टपरीवर निकाल ठरलेला असतो: "अडाणी लोक. यांना कितीही सुविधा द्या, हे भगताकडेच जाणार."

मी डॉक्टर नाही. वीसेक वर्षं बातम्या लिहितोय, जुनं वाचायची खोड आहे. पण हा निकाल मला पटत नाही. कारण पेशंट लपवणं, दवाखान्यातून पळणं, डॉक्टर आला की दार लावून घेणं, हे आपल्याच आज्या-पणज्यांनी केलंय. शिकल्या-सवरलेल्यांनी केलंय. पुण्या-मुंबईत केलंय. त्याची कारणंही सरकारी कागदांत, वर्तमानपत्रांत नोंदलेली आहेत.

सुरुवात आपल्या भाषेपासूनच करू. घरातल्या साठीच्या पुढच्या कुणाचाही हात बघा. त्यावर एक गोल, जरा खोलगट वण दिसेल. त्यांना विचारा कशाचा. "देवी काढल्या होत्या लहानपणी," असं उत्तर येईल. आता या शब्दाचा जरा विचार करा. ही देवीच्या रोगाची लस होती. भारतात ती पहिल्यांदा टोचली गेली मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. औषध युरोपातून आलं, पण मराठी माणसाने त्याला नाव दिलं 'देवी काढणे'. टोचायला येणारा माणूस झाला 'देवी डॉक्टर'.

का? कारण आपल्या लेखी तो नुसता आजार नव्हताच. घरात देवी आली होती. अंगावर फोड उठले की कडुलिंबाचा डहाळा आणायचा, फोडणी बंद, तळण बंद, बाहेरच्याला घरात मज्जाव, मोठ्याने बोलायचं नाही, आणि बरं वाटलं की देवीची ओटी भरून बोळवण करायची. यातलं काही श्रद्धेचं, काही अगदी व्यवहाराचं. बाहेरच्याला घरात न घेणं म्हणजे आजच्या भाषेत आयसोलेशनच की! आता अशा घरात जाऊन कुणी म्हणालं असतं की तुमची देवी-बिवी काही नाही, हा विषाणू आहे, तर दार लागलंच असतं. बऱ्याचदा लागलंही. देवी डॉक्टर गावात आला की पोरं उसात नाहीतर माळ्यावर लपवायची, हे जुनी माणसं हसत सांगतात. पण हळूहळू लोकांनी ते परकं औषध आपल्या देवीच्या नावाने पदरात घेतलं. १९७५ साली देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. यामागे लस होती, सरकारी यंत्रणेचे अपार कष्ट होते. त्या लसीला मराठी घरात शिरायला मात्र तो एक शब्द कामी आला.

आता याच्या अगदी उलटी गोष्ट. प्लेगची.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीचा प्लेग ओळखला. पालिका हादरली, सरकार हादरलं. संशयित दिसला की उचलून आर्थर रोडच्या इस्पितळात, सामान जाळायचं, घर धुऊन काढायचं, नातेवाइकांना छावणीत टाकायचं. शहरात अफवा अशी पसरली की तिथे नेलेल्या माणसाला उलटं टांगून त्याच्या अंगातून तेल काढतात, मोमियाई! हसू येईल. पण विचार करा, आत नेलेला माणूस परत येत नव्हता, आत काय चाललंय ते नातेवाइकांना दिसत नव्हतं, प्रेतही धडपणे हाती येत नव्हतं. काहीच दिसत नसलं की माणूस उरलेलं मनाने भरतो. २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांच्या जमावाने त्या इस्पितळावर हल्ला केला.

यातून सरकारने शिकायचं ते उलटंच शिकलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला (हो, तोच, कोरोनात आपल्याला लावलेला) आणि पुण्यात वॉल्टर रँड आला. १३ मार्चपासून गोऱ्या सोल्जरांनी घरोघरी झडत्या सुरू केल्या. बुटांसकट स्वयंपाकघरात, बुटांसकट देवघरात. काखेत-जांघेत गाठ आहे का हे बघायला बायकांना उजेडात, चारचौघांत उभं केलं जायचं. पुढचं शाळेत शिकलोय: २२ जूनची रात्र, गणेशखिंड, चापेकर बंधू. शाळेत ते स्वातंत्र्याच्या धड्यात येतं. आरोग्याच्या धड्यातही यायला हवं होतं असं मला वाटतं. कारण मधल्या तीन महिन्यांत पुणेकर काय करत होते? पेशंट लपवत होते. माळ्यावर, कोठीत, कपाटामागे. मेलेल्याला घरातच पुरल्याच्या, रात्री गुपचूप नेल्याच्या तक्रारी सरकारी कागदांत आहेत. म्हणजे ज्या रोगात आजारी माणूस लवकर वेगळा काढायला हवा, त्यातच तो सगळ्यात शेवटी सापडत होता. बंदोबस्त जितका कडक, तितका रोग घराच्या आत.

ही माणसं अडाणी होती का? पुण्याच्या पेठांतले वकील, मास्तर, कारकून होते हे.

आणि झडत्या सुरू व्हायच्या तीनच दिवस आधी, १० मार्च १८९७ ला, त्याच पुण्याच्या वेशीवर एक मृत्यू झाला. सावित्रीबाई फुले. मुलगा डॉ. यशवंत यांना बोलावून घेऊन त्यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगचा दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक मुलगा प्लेगने आजारी आहे म्हणून त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातून त्यांना लागण झाली आणि त्या गेल्या. एकाच शहरात, एकाच महिन्यात पेशंटला दवाखान्यात न्यायच्या या दोन तऱ्हा. एकीत बंदूकवाला दारात येतो, दुसरीत शेजारची म्हातारी पाठ पुढे करते. औषध दोन्हीकडे सारखंच होतं. खरं तर नव्हतंच, प्लेगवर तेव्हा खात्रीचं औषध कुणाकडेच नव्हतं. होती ती शुश्रूषा.

आपल्या नाशिक जिल्ह्यातही प्लेगने घरं बसवली. भगूरचे दामोदरपंत सावरकर १८९९ मध्ये प्लेगनेच गेले आणि मुलं नाशिकला आली, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. उंदीर पडायला लागले की अख्खं गाव उठून शेतात झोपड्या टाकायचं, महिना-दोन महिने तिकडेच. ही लोकांची स्वतःची रीत. गंमत बघा, साहेबांच्या फिनेल आणि झडत्यांपेक्षा हे गाव सोडणंच जास्त उपयोगी ठरतं, हे पुढे सरकारी डॉक्टरांनीही मान्य केलं. उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे शास्त्राला पक्कं कळायला अजून काही वर्षं लागायची होती. गावकऱ्यांना पिसू माहीत नव्हती, पण उंदीर पडला की निघायचं हे माहीत होतं.

सरकार शेवटी नमलं. मार्च १८९८ मध्ये मुंबईत एका मुसलमान विणकर घरातल्या मुलीला तपासायला पथक गेलं आणि दंगल उसळली, त्यानंतर धोरण बदललं. सक्ती सैल झाली. स्थानिक पुढाऱ्यांना, वैद्य-हकिमांना बरोबर घ्यायला सुरुवात झाली. समाजासमाजाची इस्पितळं निघू द्यायची ठरली. पारशी, जैन, भाटिया, खोजे अशा समाजांनी आपापली उघडली. पुण्यात हिंदू प्लेग इस्पितळ निघालं होतं, त्यासाठी टिळकांनी खटपट केली होती. तिथे पेशंटला आपल्या हातचं अन्न मिळायचं, घरचं माणूस जवळ बसायचं, मेल्यावर आपल्या रीतीने अग्नी मिळायचा. लोक जायला लागले. हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्यात स्वतःवर टोचून घेतलेली प्लेगची लस खोजा समाजाने घेतली ती तरुण आगाखानांनी सगळ्यांसमोर स्वतः टोचून घेतल्यावर. सरकारी पत्रक वाचून कुणी दंड पुढे केला नव्हता.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, म्हणजे जातवार दवाखाने चांगले? थांबा, तिथेच येतोय. संस्कृती म्हटलं की आपण लगेच ओव्या, कडुलिंब, आजीचा बटवा यात रमतो. पण आपल्या संस्कृतीत शिवाशीवही होती, आणि ती थेट दवाखान्यात बसली होती. समाजाच्या इस्पितळात 'आपल्या' माणसाला घरचं अन्न मिळायचं ते 'दुसऱ्या'ला दाराबाहेर ठेवूनच. महारवाड्यातल्या पोराला पाठीवर घ्यायला साठी उलटलेल्या सावित्रीबाईंनाच का जावं लागलं, याचं उत्तर यात आहे.

डॉ. आंबेडकरांनी एक प्रसंग नोंदवून ठेवलाय, १९२९ चा. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शाळामास्तरांनी 'यंग इंडिया'त पत्र लिहून सांगितला होता. बायको बाळंत झाली, दोन-तीन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर यायला तयार नाही. मोठी माणसं मध्ये घातल्यावर, दोन रुपये फी घेऊन, वस्तीच्या बाहेर बाईला आणाल तर बघतो म्हणाला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने मास्तरांच्या, मास्तरांनी बायकोच्या. परत येतानाही त्याच क्रमाने. डॉक्टरने हात न लावता न्यूमोनिया सांगितला. पुढे यायलाच नकार दिला. बाई गेली. त्या डॉक्टरकडे पदवी होती, थर्मामीटर होता, निदानही बहुधा बरोबर होतं.

म्हणून 'पेशंटची संस्कृती' एवढंच बोलून भागत नाही. डॉक्टरचीही असते, दवाखान्याची असते. फक्त ती त्याला दिसत नाही, आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही तसं.

बायकांचंही तेच. कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं बाळ, त्या अवघ्या चौदा वर्षांच्या असताना दहा दिवसांत गेलं. त्या अमेरिकेला गेल्या, मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, त्यामागचं सगळ्यात मोठं कारण त्यांनी स्वतःच सांगितलंय: आपल्याकडच्या बाया पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत, सहन करतात आणि मरतात. परत आल्यावर कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांचा विभाग सांभाळायचा होता. २६ फेब्रुवारी १८८७ ला वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या गेल्या. मुंबईत १८८६ ला उभं राहिलेलं कामा हॉस्पिटल याच अडचणीवरचं उत्तर होतं. बायकांचा दवाखाना, डॉक्टरही बायकाच. कुणी बायकांना 'लाज सोडा' असं भाषण दिलं नाही. त्यांना दाखवता येईल असा डॉक्टर दिला.

हे सगळं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं, आता काय, असं वाटेल. म्हणून आता गडचिरोलीला चला. माझ्या मते या विषयावरचा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा धडा तिथे आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. नागपूरचं वैद्यकीय शिक्षण, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास, आणि मग १९८६ च्या सुमारास थेट गडचिरोलीत. 'सर्च' ही त्यांची संस्था. राणीताईंनी पहिल्यांदा बायकांचं ऐकायला सुरुवात केली. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. त्यांतल्या ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि जगभर खळबळ उडाली, कारण तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असंच धरलं जायचं. त्या बाया इतकी वर्षं गप्प का होत्या? त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तर कोणत्या शब्दांत? 'अंगावरून जाणं', 'पांढरं जाणं' हे शब्द डॉक्टरच्या पुस्तकात नसतात. बाईच्या तोंडी तेच असतात.

मग दवाखान्याचा प्रश्न आला. गडचिरोलीत सरकारी रुग्णालय होतं, तरी जंगलातले गोंड आदिवासी तिथे जायला कां कूं करायचे. तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं ते वर लिहिलंच आहे. यांनी जाऊन विचारलं, तुम्ही का येत नाही? उत्तरं आली ती अशी. एवढी मोठी इमारत, आत गेलं की आम्ही हरवतो. तिथले लोक पांढरे कपडे घालून फिरतात, आमच्यात पांढऱ्या कपड्यात प्रेत गुंडाळतात. आमची बोली तिथे कुणाला येत नाही. आमच्या माणसाला आत ठेवतात आणि आम्हाला हाकलून देतात, भेटायची वेळ संपली म्हणून. आणि तिथे आमचा देव नाही.

परत एकदा वाचा ही यादी. यात कुठे 'आम्हाला औषध नको' आहे? 'आमचा इंजेक्शनवर विश्वास नाही' आहे? एकही तक्रार औषधाबद्दल नाही.

मग विचारलं, तुमचा दवाखाना कसा हवा? त्यांनी सांगितलं तसा बांधला. १९९३ च्या सुमाराला गडचिरोलीपासून सतरा-अठरा किलोमीटरवर शोधग्राम उभं राहिलं. मोठी इमारत नाही, आदिवासी पाड्यासारख्या झोपड्या. पेशंटबरोबर घरची माणसं राहणार, चूल पेटवणार. बोली जाणणारे कर्मचारी. आणि नाव माँ दंतेश्वरी दवाखाना, गोंडांच्या देवीचं. देऊळही तिथेच. देवीची यात्रा भरते तेव्हा जमलेल्या गावांचे लोक आपल्याला कोणते आजार छळतात, आधी काय हाती घ्यायचं, तेही बोलतात. आत मात्र ऑपरेशन थिएटर आहे, तपासण्या आहेत, शास्त्राशी तडजोड काडीची नाही.

त्याआधी भामरागडकडे हेमलकशाला प्रकाश आणि मंदाताई आमटेंनी १९७३ पासून झाडाखाली बसून माडिया शिकत शिकत हेच केलं होतं. तिथेही पहिलं औषध भाषाच होती.

बंगांच्या कामातली आणखी एक वस्तू मला फार आवडते. मण्यांची पट्टी. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावे लागतात. गावातल्या सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. सरकारी पद्धतीने गेलं तर सुईण 'अपात्र' ठरली असती. यांनी वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी लावलेली पट्टी बनवली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत आलात तर न्यूमोनिया. दहापर्यंत तर सगळ्यांनाच मोजता येतं.

आणि मग नवजात बाळं. आपल्याकडेही सव्वा महिना बाळंतीण आणि बाळ घराबाहेर पडत नाहीत. बाळ आजारी पडलं तरी दवाखान्यात न्यायला मन धजत नाही, तिकडे तर दवाखाना चाळीस-पन्नास किलोमीटरवर. प्रथा मोडा असं सांगत बसण्यापेक्षा यांनी दवाखानाच घरात नेला. ३९ गावांत गावातलीच एकेक बाई शिकवून तयार केली, आरोग्यदूत. ती बाळाचं वजन करायची, ऊब द्यायची, श्वास कोंडला तर हाताळायची, जंतुसंसर्ग ओळखून औषध, वेळ पडली तर इंजेक्शनही द्यायची. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात मृत्यू साठ टक्क्यांच्या आसपास घटले. १९९९ ला तेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तज्ज्ञांनी आधी नाकं मुरडली होती, सातवी-आठवी शिकलेली बाई इंजेक्शन देणार? २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्या कामाचं मूळ गडचिरोलीत आहे.

आता एक आक्षेप येणारच, म्हणून आधीच लिहितो. 'मग भगताकडे जाऊ द्यायचं का? मेळघाटात पोट फुगलं म्हणून तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देतात, ती पण संस्कृतीच ना?' नाही, चटके बंद झालेच पाहिजेत. साप चावलेल्याला देवळात नेऊन ठेवणं बंद झालंच पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. त्या कायद्यासाठी डॉ. दाभोलकरांचा जीव गेला. पण कायदा भगताला अडवतो. भगताच्या दारातून उठलेला माणूस पुढे आपल्या दवाखान्याच्या दारात टिकतो की नाही, ते कायदा बघत नाही. भगत त्याच्या शेजारी तासभर बसतो, त्याच्या बोलीत बोलतो, घरच्या सगळ्यांना विचारतो. आपल्याकडे ओपीडीला एका पेशंटला किती मिनिटं मिळतात हे तुम्हीच सांगा. शंभर-दीडशे माणसं रांगेत असताना डॉक्टर तरी काय करणार बिचारा, तेही खरं.

आणि हे फक्त आदिवासींपुरतं नाही बरं का. आपलंच बघा. डॉक्टरने गोळ्या लिहिल्या की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "पथ्य काय?" डॉक्टर म्हणतो, "काही नाही, सगळं खा." आपण बाहेर येऊन म्हणतो, "याला काही कळत नाही." ताप आला की "सलाईन लावा", सुई टोचल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही. 'गरम पडलं', 'बाधलं', 'अंगात कणकण' हे शब्द निदानाच्या चिठ्ठीत नसतात. कोरोनाच्या पहिल्या लाटेत ताप लपवणारे कोण होते? आपणच. उचलून नेतील, दाराला कागद चिकटवतील, मेलो तर प्लास्टिकमध्ये गुंडाळतील, तोंडही दिसणार नाही. १८९७ मध्ये पुणेकरांना जे वाटलं तेच २०२० मध्ये आपल्याला वाटलं, शब्दाशब्दाने तेच. तेव्हा आपल्याला कुणी अडाणी म्हटलं असतं तर चाललं असतं का?

तर परत आपल्या बागांकडे. सुरगाण्या-पेठेकडून आलेली बाई कोकणा बोलीत बोलते. आपली मराठी तिला समजते, पण दुखतंय कसं हे परक्या भाषेत सांगणं फार अवघड, आपल्याला इंग्रजीत पोटदुखी सांगायला लावली तर कळेल. तिच्यासोबत नवरा, सासू, दोन पोरं आलेली असतात. एकालाच थांबता येतं, बाकीचे गेटवर. स्वयंपाक करायला जागा नाही. मुकादमाने दिलेली उचल फिटायची आहे, रोज बुडतोय. रात्र पडली की आत ती एकटी, बाहेर ते. मग सलाईनची सुई निघते. जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात नातेवाइकांसाठी दोन खोल्यांची शेड आणि एक चूल, हंगामापुरती कोकणा बोलणारी एक मावशी, याला किती खर्च येईल? राज्याचं आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशकात आहे, म्हसरूळच्या पुढे. महाराष्ट्रातल्या बऱ्याच नव्या डॉक्टरांच्या पदवीवर त्याचं नाव असतं. त्या डॉक्टरांना कोकणा, भिली, माडिया यांतले शे-दोनशे शब्द शिकवणं अशक्य आहे असं मला वाटत नाही. शरीरशास्त्रात याहून अवघड नावं पाठ करतात ते.

आणि एक शेवटचं, हे मात्र पंचायत समितीच्या सदस्यांनी, सरपंचांनी, द्राक्ष बागायतदारांनी सगळ्यांनी मिळून विचारायचं आहे. आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी जायचे दिवस ठरलेले आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं तर पहिला दिवसही. तिची यादी गावाची असते. ज्या बाईचं बाळ जानेवारीत आपल्या बागेच्या बांधावर, पालात जन्मलं, तिचं नाव सुरगाण्याच्या आशाच्या यादीत असेल तर ती आशा इथे सत्तर-ऐंशी किलोमीटर येणार नाही. मग ते बाळ आपल्या आशाच्या यादीत आहे का? येत्या छाटणीला आपापल्या गावातल्या आशाताईला एवढं विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा.